अटर्नी बदलला, पण कागद कुणाकडे?

1872 च्या करार कायद्यातले 171 वे कलम पाच धंद्यांची नावे एका ओळीत घेते: बँकर, फॅक्टर, धक्क्याचा मालक, हायकोर्टाचा अटर्नी आणि पॉलिसी-ब्रोकर. या पाच जणांना कायद्याने एक खास हक्क दिला. गिऱ्हाइकाकडून जुन्या हिशेबातले काही येणे बाकी असेल, तर त्याची जी वस्तू ताब्यात असेल ती पैसे मिळेपर्यंत अडवून ठेवायची. बंदरावरच्या धक्केवाल्याने कापसाच्या गाठी अडवाव्यात, तसे अटर्नीने अशिलाचे दस्तऐवज अडवावेत, असा समज मुंबईच्या कायदा-व्यवसायात या कलमाच्या आधीपासून होता. कलमाने त्याला बळ दिले.

मुंबईत वकील बदलण्याचा इतिहास पाहायचा तर सुरुवात इथूनच करावी लागते. अशिलाला आपला वकील बदलता येतो, हे तत्त्व कोणत्याही काळात कुणी नाकारले नाही. झगडा नेहमी पुढच्या पायरीवर झाला. नवा वकील नेमला, त्याने कामही स्वीकारले. पण खटल्याचे कागद जुन्याच्या कपाटात. मूळ खरेदीखत तिथे, साक्षीदारांची टिपणे तिथे, विरुद्ध बाजूशी झालेला पत्रव्यवहार तिथे. कागदांशिवाय नवा वकील न्यायाधीशासमोर उभा राहून बोलणार काय?

इंग्रजांच्या आधी मराठी मुलखात हा प्रश्न या रूपात नव्हता. गोतसभेपुढे किंवा पंचायतीपुढे वादी-प्रतिवादी स्वतः उभे राहत, आपापल्या तकरिरा लिहून देत, सनदा-महजर स्वतःच्या हाताने पुढे ठेवत. कागद घरच्या दप्तरात असत आणि काम झाले की घरीच परत येत. फी घेऊन दुसऱ्याचा वाद चालवणारा स्वतंत्र वर्गच तिथे नव्हता. तो आला कंपनीच्या अदालतींबरोबर. बंगालात 1793 मध्ये वकिलांना सनद देण्याचे आणि त्यांची फी ठरवण्याचे विनियम झाले. मुंबई इलाख्यात 1 जानेवारी 1827 ची एल्फिन्स्टन संहिता आली आणि तिच्यातल्या दुसऱ्या विनियमाने दिवाणी न्यायालयांची व त्यांतल्या वकिलांची घडी बसवली. पुणे, अहमदनगर, धारवाड, रत्नागिरी इथल्या अदालतींत सनदी वकील दिसू लागले. 1846 च्या कायद्याने वकिली कोणत्याही धर्माच्या आणि देशाच्या माणसाला खुली केली आणि अशिलाशी परस्पर बोलून फी ठरवण्याची मुभाही वकिलांना दिली.

मुंबई बेटावर मात्र वेगळेच जग होते. 1726 च्या सनदेने इथे मेयर्स कोर्ट स्थापन झाले, 1798 मध्ये रेकॉर्डर्स कोर्ट, 1824 मध्ये सुप्रीम कोर्ट. ही राजाची न्यायालये होती. इथला कायदा इंग्लंडचा, कामकाजाची रीत इंग्लंडची आणि वकिलांची विभागणीही इंग्लंडचीच. न्यायाधीशासमोर उभा राहून युक्तिवाद करणारा बॅरिस्टर वेगळा. अशिलाला भेटणारा, त्याची हकीगत ऐकणारा, कागद तपासणारा, प्रतिज्ञापत्रे तयार करणारा, साक्षीदार गोळा करणारा, नोटिसा पाठवणारा आणि बॅरिस्टरला ब्रीफ, म्हणजे खटल्याची हकीगत आणि कागद, देणारा अटर्नी वेगळा. 14 ऑगस्ट 1862 रोजी हायकोर्ट सुरू झाले, तेव्हा ही जुनी रीत त्याच्या ओरिजिनल साइडने, म्हणजे मूळ दावे चालवणाऱ्या शाखेने, जशीच्या तशी उचलली. मोफसिलमधून येणारी अपिले ॲपेलेट साइडवर चालत. तिथे हायकोर्टाचे वकील थेट अशिलाकडून काम घेत. एका इमारतीत, एकाच छपराखाली दोन प्रथा नांदत होत्या.

ओरिजिनल साइडवर अशिलाने बॅरिस्टरचे तोंड पाहायचे ते अटर्नीच्या मध्यस्थीनेच. बॅरिस्टर थेट अशिलाकडून काम घेत नसे आणि फीसाठी दावाही लावू शकत नसे. त्याची फी अटर्नीकडून येई. न्यायालयाच्या दफ्तरी नाव असे ते अटर्नीचे. खटल्याची तारीख, मुदत, खर्च, तडजोड या सगळ्याची जबाबदारीही त्याचीच. त्यामुळे बॅरिस्टर बदलणे हे तुलनेने सोपे काम होते. अटर्नीने एकाचे ब्रीफ परत घ्यायचे आणि दुसऱ्याला द्यायचे. अटर्नी बदलणे म्हणजे मात्र सगळा खटलाच एका घरातून दुसऱ्या घरात हलवणे.

बॅरिस्टर किती सहज बदलत, हे लोकमान्य टिळकांच्या खटल्यांत दिसते. 1897 च्या राजद्रोहाच्या खटल्यात जामिनाचा अर्ज दिनशा दावर यांनी न्यायमूर्ती बदरुद्दीन तय्यबजींपुढे चालवला आणि जामीन मिळाला. प्रत्यक्ष खटल्यासाठी कलकत्त्याहून प्यू आणि गार्थ हे बॅरिस्टर आले. 1908 मध्ये तेच दावर न्यायाधीशाच्या खुर्चीत होते. जामिनाचा अर्ज बॅरिस्टर जीना यांनी चालवला आणि दावरांनी तो फेटाळला. खटला सुरू झाल्यावर टिळकांनी बॅरिस्टरच बाजूला ठेवला आणि एकवीस तासांहून अधिक वेळ स्वतः बोलले. 1916 मध्ये त्यांच्यावर पुन्हा कारवाई झाली तेव्हा जीना परत त्यांच्या बाजूने उभे राहिले आणि हायकोर्टात जिंकले. दर वेळी बोलणारे तोंड बदलले आणि त्यासाठी न्यायालयाच्या कुठल्याही आदेशाची गरज पडली नाही. अशिलाने स्वतः उभे राहायचे ठरवले तरी कायद्याने त्याला आडकाठी नव्हती.

अटर्नीचे वजन किती होते, याच्या खुणा मुंबईच्या इतिहासात जागोजागी आहेत. कमरुद्दीन तय्यबजी 1858 मध्ये लंडनला सॉलिसिटर, म्हणजे अटर्नीच, झाले. तो मान मिळवणारे ते पहिले भारतीय. त्यांचे धाकटे बंधू बदरुद्दीन 1867 मध्ये बॅरिस्टर होऊन मुंबईत आले. त्या काळी सॉलिसिटरांच्या मोठ्या पेढ्या युरोपियनांच्या होत्या आणि कुठल्याही नव्या बॅरिस्टरचे भवितव्य त्या पेढ्यांकडून येणाऱ्या ब्रीफांवर अवलंबून होते. 1902 मध्ये गांधीजींनी मुंबईत जम बसवण्याचा प्रयत्न केला, तेव्हा त्यांनीही जागा भाड्याने घेतली ती फोर्टमधल्या पेन, गिल्बर्ट अँड सयानी या सॉलिसिटर पेढीच्या कचेरीतच. सर्वांत बोलके उदाहरण बाबासाहेबांचे. जुलै 1923 मध्ये डॉ. आंबेडकर हायकोर्टात बॅरिस्टर म्हणून दाखल झाले. कोलंबिया, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि ग्रेज इन इथे शिकलेला हा माणूस. पण ओरिजिनल साइडचे काम सॉलिसिटरांच्या हातून यायचे आणि जातिभेद मानणाऱ्या त्या जगाने त्यांना ब्रीफ दिली नाहीत. त्यांची वकिली उभी राहिली ती ॲपेलेट साइडवर आणि जिल्ह्यांच्या न्यायालयांत. 1926 मध्ये पुण्याला 'देशाचे दुष्मन' या पुस्तिकेवरून बागडे, जेधे आणि जवळकर यांच्यावर झालेल्या बदनामीच्या खटल्यात त्यांनी केलेला बचाव त्याच काळातला. अटर्नी आणि बॅरिस्टर अशा या दुहेरी पद्धतीची बाजू घेणाऱ्यांनी तिच्या शिस्तीचे खूप गोडवे गायले. या एका माणसाच्या वाट्याला काय आले हे पाहिले, की ती शिस्त कुणाला आत घेत होती आणि कुणाला बाहेर ठेवत होती ते स्पष्ट दिसते.

या अटर्नी-वर्गाचा सुवर्णकाळ 1860 च्या दशकात उजाडला. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे लँकेशायरच्या गिरण्यांना तिथला कापूस मिळेनासा झाला, मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि शहरात शेअरचे वेड शिरले. 1865 च्या वसंतात युद्ध संपले. बॅकबे रिक्लमेशनसारख्या कंपन्यांच्या शेअरचे वायदे 1 जुलै 1865 ला पुरे करायचे होते आणि तो दिवस उजाडला तेव्हा पेढ्यामागून पेढ्या कोसळत होत्या. दिवाळखोरी, वसुली, भागीदारांचे हिशेब, गहाण सोडवणे, ट्रस्टचे वाद यांचा लोंढाच न्यायालयात आला. क्रॉफर्ड बेली, लिटल अँड कंपनी यांसारख्या पेढ्या आधीच उभ्या होत्या. पुढच्या पन्नास वर्षांत वाडिया गांधी, मुल्ला अँड मुल्ला, भाईशंकर कांगा अशा पारशी-गुजराती नावांच्या पेढ्या त्यांच्या बरोबरीला आल्या. मराठी माणसे या धंद्यात कमी होती, पण होती. 1937 मध्ये मुंबई प्रांताचे पंतप्रधान झालेले बाळ गंगाधर खेर हे मणिलाल अँड खेर या पेढीचे सॉलिसिटर होते.

फोर्टातल्या या पेढ्यांच्या तिजोऱ्यांत नुसते खटल्यांचे कागद नसत. गिरण्यांची गहाणखते, वाड्यांची खरेदीखते, धर्मादाय ट्रस्टांची लेखपत्रे, मृत्युपत्रे पिढ्यान् पिढ्या तिथेच राहत. एखाद्या भाटिया किंवा पारशी घराण्याची सारी मालमत्ता कागदाच्या रूपाने एका अटर्नीच्या ताब्यात असे. घराण्यात भाऊ-भाऊ भांडले, तर दोघांचाही अटर्नी तोच. अशा वेळी एकाला तरी दुसरीकडे जावे लागे, आणि तेव्हा पहिला प्रश्न निघे तो जुन्या बिलाचा.

अटर्नी बदलण्याची रीत त्यामुळे चांगलीच शिस्तबद्ध होती. अटर्नी हा न्यायालयाचा अधिकारी मानला जाई. त्याचे नाव दफ्तरी लागले, की ते परस्पर पुसता येत नसे. अशिलाने अर्ज करायचा, जुन्या अटर्नीला नोटीस द्यायची, त्याचे बिल टॅक्सिंग मास्टरपुढे जायचे. टॅक्सिंग मास्टर म्हणजे खर्चाची छाननी करणारा हायकोर्टाचा अधिकारी. प्रत्येक पत्र, प्रत्येक हजेरी, मसुद्याचे प्रत्येक पान यांची रक्कम तो तपासे आणि अवाजवी असेल ती कापे. नव्या अटर्नीचे वॉरंट, म्हणजे नेमणूकपत्र, दाखल होई आणि मग नाव बदले. ही व्यवस्था खर्चिक होती, वेळकाढू होती. पण तिच्यात एक चांगली गोष्ट होती. जुन्या वकिलाचे येणे किती, हे ठरवणारा तिसरा माणूस समोर बसलेला असे. अशिलाला निदान इतके कळे, की मागितलेली रक्कम रास्त आहे की नाही.

कागद अडवण्याच्या हक्कालाही इंग्लंडमध्ये एक मर्यादा पडली होती. 1837 मध्ये लॉर्ड चॅन्सेलर कॉटनहॅम यांनी हेस्लोप विरुद्ध मेटकाफ या प्रकरणात नियम घालून दिला. अशिलाने सॉलिसिटरला काढून टाकले असेल, तर पैसे मिळेपर्यंत त्याने कागद धरून ठेवावेत. पण सॉलिसिटरनेच मध्यावर काम सोडले असेल, तर त्याने कागद नव्या सॉलिसिटरच्या हाती द्यावेत, म्हणजे खटला अडणार नाही. त्याचा पैशांचा हक्क कागदांवर कायम राहील आणि काम संपल्यावर कागद त्याच्याकडे परत येतील. कोणी कोणाला सोडले, यावर सगळे ठरत होते. विचार समंजस होता. त्यातली अडचण अशी, की अशिलाने वकिलाला का काढले याकडे तो बघत नव्हता. तारखेला न येणाऱ्या, पत्राला उत्तर न देणाऱ्या सॉलिसिटरला कंटाळून अशिलाने काढले, तरी ते अशिलानेच काढले असे धरले जाई.

इंग्लंडने 1883 च्या नियमांत आणखी एक पाऊल टाकले. सॉलिसिटर बदलायला न्यायालयाच्या आदेशाची गरज उरली नाही. दफ्तरी नोटीस दाखल केली की पुरे. भारताने ही मोकळीक घेतली नाही. 1882 च्या दिवाणी प्रक्रिया संहितेने वकीलपत्र रद्द करायला न्यायालयाची परवानगी आवश्यक ठेवली आणि 1908 च्या संहितेतही ती राहिली. आदेश 3, नियम 4 आजही तेच सांगतो: वकीलपत्र एकदा दाखल झाले की न्यायालयाच्या परवानगीने, अशिलाच्या किंवा वकिलाच्या सहीच्या लेखाने ते संपते, नाहीतर दोघांपैकी एकाच्या मृत्यूने किंवा कामकाज पूर्ण झाल्यावर. कारण उघड आहे. न्यायालयाला नोटीस कुणावर बजावायची हे माहीत हवे आणि विरुद्ध बाजूची फरपट होऊ नये. पण या परवानगीच्या वाटेवरच पुढे संमतीची प्रथा रुजली, आणि तिचे फळ अशिलाला नेहमीच गोड लागले असे नाही.

गोव्यात याच काळात तिसरीच रीत चालू होती. पोर्तुगीज कायद्यात वकील 'प्रोकुरासांव' म्हणजे मुखत्यारपत्रावर काम करी, आणि ते मुखत्यारपत्र तो स्वतः दुसऱ्या वकिलाच्या नावे करून देऊ शके. स्वतःचा अधिकार राखून दिले तर दोघेही खटल्यात राहत. न राखता दिले तर पहिला बाहेर पडे. पणजी-मडगावच्या न्यायालयांत वकील बदलणे हे बहुधा एका वकिलाने दुसऱ्याच्या हाती कागद देणेच असे. गोवा मुक्त झाल्यावर 1965 च्या कायद्याने तिथे भारतीय दिवाणी प्रक्रिया संहिता लागू झाली आणि तिच्याबरोबर वकीलपत्र, परवानगी, जुन्या वकिलाची ना-हरकत ही सारी मालिका आली.

दुहेरी पद्धत जावी, ही मागणी स्वातंत्र्यानंतर जोर धरू लागली. न्यायमूर्ती एस. आर. दास यांच्या अध्यक्षतेखालील अखिल भारतीय वकील समितीने 1953 मध्ये देशभर एकच वकीलवर्ग असावा असे सुचवले, पण मुंबई-कलकत्त्याच्या ओरिजिनल साइडला हात लावला नाही. 1961 च्या ॲडव्होकेट्स ॲक्टनेही अटर्नींसाठी वेगळे कलम ठेवले. ते कलम 1976 च्या दुरुस्तीने काढले गेले. 1 जानेवारी 1977 पासून कायद्याच्या नजरेत अटर्नी उरला नाही, सगळे ॲडव्होकेट. एका सहीने दीडशे वर्षांहून जुना एक वर्ग संपला, असे मात्र म्हणता येत नाही. बॉम्बे इन्कॉर्पोरेटेड लॉ सोसायटीची सॉलिसिटर परीक्षा चालूच राहिली, पेढ्या चालूच राहिल्या, काउन्सेलला ब्रीफ पाठवणेही चालूच राहिले. दिल्लीत सर्वोच्च न्यायालयात 'ॲडव्होकेट-ऑन-रेकॉर्ड' जे काम करतो, ते बरेचसे जुन्या अटर्नीचेच आहे: दफ्तरी नाव त्याचे, दाखल होणाऱ्या कागदांची जबाबदारी त्याची, आणि ज्येष्ठ वकिलाला उभे करायचे तेही त्यानेच.

कायद्याने अटर्नी गेला, पण कागद अडवण्याची सवय गेली नाही. उलट ती पसरली. अटर्नीचा हक्क ओरिजिनल साइडच्या चौकटीत होता, त्याच्या मागे टॅक्सिंग मास्टर होता. तालुक्याच्या न्यायालयातल्या वकिलाला तो हक्क कायद्याने कधी दिलाच नव्हता. 1932 मध्ये मद्रास हायकोर्टाने तसे स्पष्ट म्हटले होते, की खास करार असल्याशिवाय ॲडव्होकेटला अशिलाच्या कागदांवर असा हक्क नाही. तरीही 'आधी बाकी चुकती करा, मग फाइल न्या' हे वाक्य महाराष्ट्रातल्या कुठल्याही न्यायालयाच्या आवारात ऐकू येत राहिले. तिथे बिलाची छाननी करणारा कुणी नाही. वकील सांगेल तो आकडा, आणि समोर पुढच्या आठवड्यातली तारीख.

या सवयीला ना-हरकतीच्या प्रथेची जोड मिळाली. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांतला 39 वा नियम सांगतो, की एका वकिलाचे वकीलपत्र दाखल असलेल्या प्रकरणात दुसऱ्याने त्याच्या संमतीशिवाय उभे राहू नये. संमती मिळत नसेल, तर तिचे कारण न्यायालयाला सांगून परवानगी घ्यावी. या नियमामागे एक सभ्य रीत आहे. नवा वकील जुन्याला फोन करतो, "साहेब, तुमचे अशील माझ्याकडे आलेत, तुमचे काही राहिलेय का?" असे विचारतो, जुना नव्या वकीलपत्राच्या कोपऱ्यात 'ना हरकत' लिहून सही करतो. बहुतेक ठिकाणी एवढ्यात काम होते. एकमेकांचे अशील पळवू नयेत आणि ज्याने वर्षानुवर्षे राबून खटला उभा केला त्याचे पैसे बुडू नयेत, ही अपेक्षा न्याय्यच आहे. पण नियमाच्या दुसऱ्या अर्ध्या भागाचा, म्हणजे संमती नसेल तर न्यायालयात जाण्याचा, उल्लेख अशिलाजवळ फारसा कुणी करत नाही. अशिलाला वाटते की जुन्या वकिलाच्या सहीशिवाय आपली सुटका नाही. हा समज चुकीचा आहे, आणि तो दूर करण्याची जबाबदारी वकीलवर्गाचीच होती.

अखेर हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला तो भोपाळहून. मध्य प्रदेश राज्य सहकारी बँकेने 1990 मध्ये एका वकिलाला कायदा सल्लागार म्हणून नेमले होते. जुलै 1993 मध्ये बँकेने ती नेमणूक संपवली आणि सर्व प्रकरणांच्या फायली परत मागितल्या. वकिलाने 97,100 रुपयांचे बिल पाठवले आणि ते चुकते होईपर्यंत फायली देणार नाही असे कळवले. बँकेने बिल नाकारले. पुढच्या वर्षी तक्रार राज्य बार कौन्सिलकडे गेली आणि तिथून बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या शिस्त समितीकडे. समितीने वकिलाला दोषी ठरवून अठरा महिने वकिली करायला मनाई केली आणि हजार रुपये दंड केला. त्याविरुद्धच्या अपिलाचा निकाल 22 ऑगस्ट 2000 रोजी न्यायमूर्ती के. टी. थॉमस आणि न्यायमूर्ती आर. पी. सेठी यांनी दिला.

वकिलाची मदार 171 व्या कलमावर होती. न्यायालयाने त्या कलमाचा अर्थ मुळापासून तपासला. कलम बोलते ते सुपूर्द केलेल्या मालाबद्दल. माल म्हणजे ज्याची खरेदी-विक्री होऊ शकते अशी वस्तू. खटल्याची फाइल बाजारात विकता येत नाही, तिचे पैसे होत नाहीत, म्हणून ती माल नव्हे. आणि अशील वकिलाकडे कागद देतो तेव्हा तो ते सांभाळायला ठेव म्हणून देत नाही, खटला चालवायला देतो. फी राहिली असेल तर वकिलाने इतर कायदेशीर मार्गांनी वसूल करावी. त्यासाठी 1926 पासून वकिलांच्या फीसंबंधी वेगळा कायदाही आहे. ज्या देशात पक्षकारांचा मोठा वर्ग गरीब आणि अशिक्षित आहे, तिथे असा हक्क वकिलांच्या हाती देणे धोक्याचे ठरेल, हा मुद्दाही न्यायालयाने मांडला. फाइल परत मागितल्यावर ती न देणे हे व्यावसायिक गैरवर्तन आहे, असा स्पष्ट निर्णय झाला. शिक्षा मात्र सौम्य केली: या प्रश्नावर आधी सर्वोच्च न्यायालयाचा निकाल नव्हता, हे लक्षात घेऊन वकिलाला फक्त समज दिली.

करार कायद्यापासून या निकालापर्यंत 128 वर्षे गेली. इतका साधा प्रश्न इतका काळ लोंबकळत राहिला, याचे कारण त्यात अडकणारी माणसे सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाण्याच्या स्थितीत नव्हती. ज्याची फाइल अडते, त्याच्याकडे ती सोडवण्यासाठी दुसरा खटला लावायला पैसे नसतात. भोपाळच्या प्रकरणात अशील ही एक बँक होती, म्हणून ते दिल्लीला पोहोचले.

या नाण्याची दुसरी बाजूही न्यायालयांनी पाहिली आहे. अशिलाने वकील सोडण्याऐवजी वकिलानेच अशिलाला सोडले तर? महाराष्ट्रातल्या न्यायालयांत त्यासाठी 'नो इन्स्ट्रक्शन्स'ची पुरशीस देण्याची रीत आहे: अशिलाकडून सूचना नाहीत, सबब वकीलपत्र काढून घेत आहे. अशील गावाकडे असतो, त्याला पत्ता नसतो, आणि इकडे एकतर्फी हुकूमनामा होऊन जातो. वकील असा बाजूला झाला तर पक्षकाराला न्यायालयाने नव्याने नोटीस द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने 1990 च्या दशकातल्या निकालांत सांगितले आहे. बार कौन्सिलचा 12 वा नियमही वकिलावर बंधन घालतो. पुरेशा कारणाशिवाय आणि अशिलाला वाजवी मुदतीची सूचना दिल्याशिवाय घेतलेले काम सोडू नये, आणि सोडलेच तर न कमावलेली फी परत करावी.

तेव्हा ज्याला आज वकील बदलायचा आहे, त्याने तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. जुन्या वकिलाला लेखी कळवावे आणि त्याची खरी बाकी असेल ती पावती घेऊन द्यावी. राबलेल्याचे बुडवणे हाही अन्यायच. फाइल मागताना कागदांची यादी करून तिच्यावर दोघांच्या सह्या घ्याव्यात. आणि ना-हरकत मिळत नसेल, तर नव्या वकिलामार्फत सरळ न्यायालयाकडे परवानगीचा अर्ज करावा, आणि फाइलही अडवली गेली तर राज्य बार कौन्सिलकडे तक्रार करावी. फाइल अशिलाची आहे, हे 2000 सालापासून या देशाच्या सर्वोच्च न्यायालयाचे म्हणणे आहे.